चारी चाकं

"भागू, बॅटरीची मायनस काढलीस न्हवं?"

मुल्ला मिस्त्रींचा आवाज डॅशबोर्डच्या खालून आला. आख्खा माणूस आत शिरला होता, दाराबाहेर नुसत्या दोन टाचा दिसत होत्या.

"काढली."

"मग ह्या मंडळींना जरा मागं सरकव बाबा. उजेड अडतोय."

घ्या. मंडळींना मागं सरकवायचं, आणि तेही मी. त्या दिवसांत वस्तीवर मी कुत्र्याला हाड म्हटलं असतं तरी कुत्रं हललं नसतं. तरी तोंड उघडलं, "जरा सरकता का," म्हणालो. कुणी सरकलं नाही. मग कोंडू आबांनी हातातली काठी नुसती आडवी केली, तशी सगळी माणसं मागं झाली.

कोंडू आबा आमच्या वस्तीचे कारभारी. वस्ती म्हणजे तरी काय, सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा धनगरवाडा. सगळी झोरे आडनावाचीच घरं, एकमेकांची भाऊबंद. म्हशी, चार शेरडं आणि पावसाळ्यात नाचणी, एवढाच संसार. आबांच्या मांडीवर मी लहानपणी खेळलेला माणूस. पण नागपंचमी झाल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्यादेखत दुसऱ्याला सांगायचे, "त्याला म्हणावं, मिस्त्रीला च्या दे." मी समोरच उभा असायचो, आणि तो दुसरा माणूसही माझ्याकडं न बघता तेच शब्द मला परत सांगायचा. हसू यावं अशी गोष्ट, पण मला त्या दिवसांत हसू कसलं येतंय.

झालं होतं ते सांगतो. सड्यावरून खाली पाटणला जायचं तर आधी ओढ्यात उतरायचं, ओढ्यापलीकडं खिंडीची चढण, आणि खिंड ओलांडली की मग डांबरी. ती चढण तांबड्या मातीची. पावसाळ्यात तिथं बैलसुद्धा पाय टाकायला कुरकुरतो. पूर्वी कुणी आजारी पडलं, कुणी बाई अडली की बांबूला घोंगडं बांधून डोली करायची, माणूस तिच्यात घालायचा आणि खांद्यावर न्यायचा. कधी डोली दवाखान्यात पोचायची, कधी अर्ध्या वाटेतून परत यायची. मग पुण्याच्या एका संस्थेनं आम्हाला एक जुना छोटा ट्रक दिला. चारी चाकांना जोर लागणारा. वस्ती त्याला 'फोरबाय' म्हणायची. मी वाशीच्या मार्केटात टेम्पो चालवलेला, लायसन फक्त माझ्याकडं, म्हणून किल्ली माझ्याकडं आली. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. आमच्यात ज्याच्या दारात जास्त म्हशी त्याला मान. माझ्या दारात म्हस एक आणि मान मात्र आबांच्या खालोखाल.

गाडीत स्टेअरिंगच्या बाजूला एक गोल बटण होतं. ते फिरवलं की आतल्या कंट्रोलच्या डब्याला निरोप जायचा, तो डबा खालच्या मोटरीला हलवायचा, आणि पुढची दोन चाकंही कामाला लागायची. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागायचा. गाडी द्यायला आलेल्या माणसानं मला सगळ्यांदेखत बजावून सांगितलं होतं, या गाडीत बटण फिरवायचं ते थांबून, क्लच दाबून. चालत्या गाडीत हात लावायचा नाही.

आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

ठकी आबांची धाकटी सून. वयानं माझ्याएवढीच, पण तिचा नवरा महादू मला थोरला, म्हणून वहिनी. महादू मुंबईला माथाडीत होता. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली गवत पसरून तिला आणि तिच्या सासूला बसवलं. आबा माझ्याशेजारी. ओढ्यात उतरलो, चढणीच्या तोंडाशी गाडी थांबवली, क्लच दाबला, बटण फिरवलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. लागेचना, नुसता लुकलुक. मी बटण मागं घेतलं, परत फिरवलं. तेच. तशीच गाडी चढणीला घातली, तर मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी घसरत ओढ्यात आली. परत घातली, परत घसरली. मागून वहिनी ओरडत होती. आबा म्हणत होते, "लाव की रं चारी चाकं. लाव की." मी काय लावणार?

वस्तीवरून माणसं बोलावली, ढकलून बघितलं, शेवटी बांबू आणि घोंगडं आणलं. वहिनी डोलीतच खाली गेली. ती वाचली. पोरगं मेलेलं निघालं. मुलगा होता.

त्यानंतर बिरोबाच्या देवळापुढं सगळे बसले. आबा म्हणाले, "चालत्या गाडीत बटण फिरवलं आसणार ह्यानं. मस्तीच हाय तेवढी. गाडी मोडली ती ह्या मस्तीनं."

मी म्हणालो, "आबा, तुमी शेजारी हुतासा. मी थांबवून, क्लच दाबूनच बटण फिरवलं."

"मला काय कळतंय त्यातलं? उचल भंडारा."

आमच्यात बिरोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द शेवटचा. त्यापुढं कोर्ट नाही की कचेरी नाही. मी हळदीनं ओंजळ भरली आणि म्हणालो, "त्या दिशी खिंडीत मी चालत्या गाडीत बटण फिरवलं न्हाई." शब्दन् शब्द खरा होता. त्या दिशी, खिंडीत. शब्द निवडून घेतले होते ते माझं मला ठाऊक. बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीत, सड्यावरच्या सपाटीला, मी कितीदा तरी धावत्या गाडीत ते बटण फिरवलं होतं. खालून खट् आवाज यायचा, गाडी जमीन धरायची, मागच्या बाया 'अगंबाई' म्हणायच्या, आणि मला बरं वाटायचं.

भंडारा उचलल्यावर विषय संपायला हवा. संपला नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर मी गेलो की बाया घागरी उचलायच्या. माझी आई घरात आल्यावर पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, चुलीचा धूर लागला. आबांचं एकच म्हणणं, मिस्त्री आला म्हंजे कळंल. म्हणून त्या सकाळी वस्ती झाडून गाडीभोवती उभी होती. मिस्त्रींना वाटत असणार, लोकांना यंत्राचं कौतुक. लोकांना बघायचं होतं की पोरगं कुणी मारलं.

मिस्त्री बाहेर आले, गाडीखाली गेले, मोटरीला बॅटरीच्या वायरी थेट जोडल्या. घर्र करून मोटर फिरली.

"मोटर ठणठणीत हाय," ते खालूनच म्हणाले. "फ्यूज बी चांगला. बटण मी तपासलं. दुखणं डब्यातच. पाटणहून बरुबर घिऊनच आलोय मी, नंबर जुळवून. आता जुना काढायचा आन् नवा बसवायचा, झालं."

"पर जुना बिघडला कशानं?" आबांनी विचारलं.

"काढल्याबिगर कसं सांगू कारभारी?"

मिस्त्री परत आत शिरले. डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या पायापाशी प्लॅस्टिकचं झाकण होतं, ते त्यांनी ओढून काढलं. आणि वास आला. आंबट, कुबट, न धुतलेल्या चरवीत राहिलेल्या दुधाचा. आमच्याइतका तो वास कोण ओळखणार? माझ्या आईनं तर नाकाला पदरच लावला.

मिस्त्री डबा हातात घेऊन बाहेर आले. हाताच्या पंजाएवढा काळा डबा. वायरींचं जिथं टोक बसतं तिथं पांढरट पापुद्रे, पितळी पिना हिरव्या पडलेल्या, आणि मुंग्या.

"हे दूध हाय," मिस्त्री म्हणाले. "वरनं, काचंच्या खालच्या फटीतनं आत आलंय, वायरीवरनं वघळत वघळत हितं डब्याच्या तोंडात. येकदा सांडलेलं न्हाई हे. लई दिस चाललंय. गाडीत दूध कोण वततंय?"

गाडी वस्तीवर आली तेव्हा सगळ्यांनी मिळून काचेला टेकवून बिरोबाचा एक लहानगा पाषाण बसवला होता. आमच्यात नवं दूध देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. तेव्हा दूध आलं कुठून हे कुणाला कोडं नव्हतं.

मी मोकळा श्वास घेतला. हे सांगायला जीभ अडखळते, पण सांगतो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मनात म्हटलं, भागू, सुटलास. मला चक्क हसू फुटलं, मी तोंडावर हात नेऊन ते दाबलं. आता बघू कोण पाणवठ्यावरनं घागर उचलतंय, आता बघू आबा काय म्हणतात. एवढं सगळं माझ्या मनात आलं आणि मग मी मान वर केली.

सगळी वस्ती एकाच दिशेला बघत होती. ते दिवस म्हशी आटण्याचे. गोठ्यागोठ्यात म्हशी गाभण, कुणाच्या घरात चहापुरतं दूध नव्हतं. वैशाखात व्यालेली, दुधाची म्हस वस्तीवर एकच होती. आबांच्या गोठ्यात.

ठकी वहिनी कुडाला धरून उभी होती. बाळंतीण म्हणून डोक्याला फडकं बांधलेलं, आणि मांडीवर घ्यायला काही नाही. ती पुढं आली.

"मी वतत हुते, दादा," ती मिस्त्रींना म्हणाली.

"रोज?"

"रोज. सकाळी धार काढली की पयली वाटी देवाला. मग गाडीच्या देवाला."

"आगं पर कशापायी बाई?"

"मला डोलीत जायाचं नव्हतं." ती शांतपणे सांगत होती, हिशेबाचं बोलावं तसं. "माझी थोरली जाऊ डोलीतच संपली. मी देवाला म्हणायची, माझ्या येळंला गाडी चालू दे."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "तिला काय इचारतासा. मी सांगितलं हुतं तिला. गाडी देवाची हाय, तिला दूध दाखवत जा म्हणून. मीच म्हस पिळून वाटी भरून द्यायचो."

मग आबा माझ्याकडं वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यात बघितलं. डोक्यावरचं मुंडासं काढलं, उघड्या डोक्यानं वाकले आणि ते माझ्या पायावर ठेवायला लागले. पांढरे विरळ केस, मधे दिसणारी टाळू. मी मागं उडी मारली आणि त्यांचे हात धरले.

"आबा, नगा. नगा असं करू."

"तुला मी समद्या वस्तीम्होरं मारेकरी म्हटलं भागू. तू देवाचा भंडारा उचललास, तरी बी तुझ्यावर इस्वास ठेवला न्हाई."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बापाच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी, आणि तोंडानं माझ्या भंडाऱ्याचं खरेपण सांगतोय. त्या भंडाऱ्यात काय होतं आणि काय मी वगळलं होतं ते त्या म्हाताऱ्याला कुठं माहीत? मी त्यांचं मुंडासं त्यांच्या हातात कोंबत होतो आणि ते घेत नव्हते.

एवढ्यात वहिनी मिस्त्रींना म्हणाली, "दादा, येक इचारते. दूध नसतं वतलं, तर त्या दिशी गाडी चढली असती?"

मिस्त्री हातातल्या फडक्यानं बोटं पुसायला लागले. बोटं आधीच पुसलेली होती.

"यंत्राचं काय सांगता येत न्हाई ताई. जुनी गाडी."

"चढली असती का न्हाई?"

"चढली असती बी, न्हाई बी."

"तुमी मिस्त्री हायसा न्हवं? मग मला सांगा की. माझं पोरगं जगलं असतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ऐकवत नव्हता. बायांपैकी कुणी तिला हात लावायला पुढं झालं नाही. उत्तर मिस्त्रींच्या हातातल्या डब्यावर दिसत होतं, हिरव्या पिना आणि मुंग्या. तिला ते दिसत होतं. मग ती माझ्याकडं वळली.

"भावजी, तुमी सांगा. तुमी गाडी चालवतासा."

मी मुंडासं आबांच्या हातात ठेवलं आणि त्यांचे हात सोडले. मी फार विचार केला असं नाही. तिचं तोंड बघवेना, एवढंच.

"वयनी, दुधानं काय व्हतंय? दूध वरच्या वर ऱ्हातंय. डबा आदीच जळाला हुता. मी जाळला."

"कसा?"

"चालत्या गाडीत बटण फिरवून. खिंडीत बी तसंच फिरवलं."

आबांचं मुंडासं हातातच राहिलं. "भंडारा उचललावतास तू," ते म्हणाले.

"खोटा उचलला."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण आमच्यात माणसानं खून केला तरी एखाद्या दिवशी लोक पंगतीला घेतील. खोटा भंडारा उचललेल्याच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. माझी आई माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं, हिला तरी कळावं मी खोटं बोलतोय. तिला कळलं नाही.

"मिस्त्री दादा," वहिनी म्हणाली, "ह्ये खरं?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जळतोय. चालत्या गाडीत फिरवलं तर डबा जळतोय. त्यात खोटं काय न्हाई."

वहिनी माझ्याजवळ आली. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं लेकरू तुमी खाल्लं," ती म्हणाली. "वाटूळं हुईल तुमचं." आणि ती रडायला लागली. पोरगं गेल्यापासून ती रडली नव्हती, तिची सासू तेच तर सगळ्यांना सांगत फिरायची, पोरगी रडंना, दगड झालीया. आता ती मातीत बसून, छाती बडवून रडली आणि माझं नाव घेऊन शिव्या दिल्या, माझ्या सात पिढ्यांना दिल्या. मग बाया धावल्या, तिला कवेत घेऊन आत घेऊन गेल्या.

आबांनी मुंडासं डोक्यावर ठेवलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला आजवर समजलेलं नाही. माझ्याकडं न बघता ते शेजारच्याला म्हणाले, "त्याला म्हणावं, किल्ली काढून घिऊन द्यायची कुणाला, दुसऱ्या कुणाला चालवता येत न्हाई. म्हणून ठेव. पर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगंस."

बस्स. माणसं पांगली. मिस्त्रींनी पेट्रोलमध्ये फडकं बुडवून वायरींचं टोक साफ केलं, फुंकर मारमारून वाळवलं, नवा डबा बसवला, झाकण लावलं. बिरोबाचा पाषाण उचलून माझ्या हातात दिला. "ह्याला दुसरीकडं जागा बघ," म्हणाले. मी तो आमच्या घरातल्या देव्हाऱ्यात ठेवायला गेलो तर आईनं माझ्या हातून घेतला नाही, भुईवर ठेवायला लावला आणि मग स्वतः उचलला.

बॅटरी जोडली. मी आत बसलो, क्लच दाबला, बटण फिरवलं. खट् झालं आणि हिरवा दिवा लागला. लुकलुकला नाही.

मिस्त्रींना डांबरीपर्यंत सोडायचं होतं, तिथून त्यांना एसटी मिळणार होती. जुना डबा त्यांनी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला. आम्ही ओढ्यात उतरलो. चढणीच्या तोंडाशी मी थांबलो, बटण फिरवलं, गाडी घातली. ती काहीच घडलं नसल्यासारखी वर चढली. एकदाही चाक सरकलं नाही. तेवढी चढण होती तरी किती? एक बिडी ओढून व्हायच्या आत संपली. खिंडीच्या माथ्यावर मी गाडी थांबवली, कारण मला पुढचं दिसेनासं झालं होतं.

मिस्त्रींनी बाटलीतलं पाणी पुढं केलं. मी ते प्यायलो.

"लोकांना सांगायचं ते तू सांगितलंस," ते म्हणाले. "आता मला सांग. फिरवलंवतंस?"

"त्या दिशी न्हाई."

"मग?"

"आदी. बाजाराच्या दिशी. सपाटीला."

"येकदा?"

"न्हाई. सारखंच."

मिस्त्रींनी मांडीवरचं फडकं सोडलं, डबा उलटा केला आणि खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. "आसं बघ," ते म्हणाले. "पिना दुधानं सडल्यात, ते डोळ्यांनी दिसतंय. पर नुसत्या पिना सडल्या तर डबा कधी चालतो, कधी चालत न्हाई. आतल्या सर्किटच्या पट्टीवर बी दूध गेलं आसंल तर ती पांढरी दिसंल, मग खेळ दुधानंच संपवला. आन् तुझ्या बटणानं जळाला आसंल तर पट्टी काळी हुईल. कोळशासारखी. झाकण काढलं की कळतंय. काढू?"

स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी पहिल्या स्क्रूत बसवलं होतं.

"नगं," मी म्हणालो.

"आरं येका मिंटाचं काम. तुझ्याच जिवाला बरं वाटंल."

"नगं मिस्त्री. उघडू नगासा."

"का रं?"

"आता वयनीनं मानलंय न्हवं. तेवढं बास. तिच्या जिवाचा घोर गेला."

असं बोललो मी. मोठ्या माणसानं बोलावं तसं, धीरानं. आणि बोलताना माझी नजर त्या डब्यावरून हलत नव्हती. वस्तीसमोर मी जे बोललो ते खोटं आहे असं समजून बोललो होतो. वहिनीसाठी आपण खोटं बोललो, शिव्या खाल्ल्या, एवढाच माझ्यापाशी आता आधार उरला होता. झाकण निघालं आणि आत काळं दिसलं तर तोही गेला. मग मी काही सोसलं नव्हतं, नुसता गुन्हा कबूल केला होता, आणि तोही चुकून. वहिनीचं नाव मी पुढं केलं, पण मी भ्यालो होतो. याहून दुसरं काही नव्हतं.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर काढून खिशात घातला. डबा परत फडक्यात बांधला.

"भागू," ते म्हणाले, "माझ्या उभ्या जन्मात मी तुझ्यासारखा माणूस बघितला न्हाई. दुसऱ्याच्या लेकीसाठी आसं कोण अंगावर घेतंय?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डांबरी येईपर्यंत काढला नाही. मी स्टेअरिंग धरून समोर बघत राहिलो. त्यांच्याकडं मान वळवायची मला लाज वाटत होती.